मॉडिफाय बाईक : संग्रहालयात कलाकृती, गोंदियाच्या रस्त्यावर दंड! नियम काय?

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात १९९८ मध्ये शंभरहून अधिक मोटारसायकली मांडल्या गेल्या. काही समीक्षकांनी नाकं मुरडली; गर्दी मात्र लोटली. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयाने थेट कस्टम बाईकचंच प्रदर्शन भरवलं. फ्रेम कापून, टाकी हाताने ठोकून घडवलेली एकेक गाडी. मुंबईच्या ‘वर्देंची’चे अक्षय वर्दे बुलेटवर असंच काम करतात.

मग एमएच ३५ पासिंगची बुलेट अशी बदलली तर? इथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल करता येत नाही. केल्यास कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

कारण साधं आहे. पुढचा फोर्क लांबवला की चाकांमधलं अंतर वाढतं आणि गाडी वळवणं जड जातं. प्रदर्शनातल्या गाडीला गर्दीतून वळायचं नसतं. तिचे इंडिकेटर काढले तरी कुणाचं बिघडत नाही.

आणि नुसता रंग बदलायचा असेल तर? बदलता येतो, पण आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.