मोटारसायकलच्या इंजिनाचं हेड: रोजच्या वाटेला कोणतं बरं?

शोरूममधल्या माहितीपत्रकावर 'फोर व्हॉल्व्ह', 'डीओएचसी' असे शब्द ठळक छापलेले असतात. विक्रेता ते अभिमानानं वाचून दाखवतो, आणि आपण मान डोलावतो. डबा घेऊन रोज कामावर जाणाऱ्या माणसाला त्यानं नेमका काय फरक पडतो, हे आपण सावकाश पाहू.

आधी तो भाग ओळखू. गाडी स्टँडवर लावा आणि इंजिनाशेजारी बसा. स्पार्क प्लग ज्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात शिरतो, ते सिलिंडर हेड. गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'हेड' म्हणतात. बुलेटमध्ये ते टाकीखाली वर दिसतं. स्प्लेंडरमध्ये सिलिंडर जवळपास आडवा असल्यानं हेड पुढच्या चाकाकडे तोंड करून असतं.

हेड म्हणजे सिलिंडरचं झाकण, पण त्याला दारं आहेत. एका दारातून हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत येतं, ते इनलेट. दुसऱ्यातून जळालेला वायू सायलेन्सरकडे जातो, ते एक्झॉस्ट. दारावरची झडप म्हणजे व्हॉल्व्ह. तिला स्प्रिंग बंद ठेवते आणि कॅम उघडतो. कॅम म्हणजे दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो.

आता कॅम कुठे बसवलाय ते पाहू. जुन्या बुलेटमध्ये तो खाली, क्रँकजवळ असतो, आणि लांब काड्या म्हणजे पुशरॉड वरच्या व्हॉल्व्हपर्यंत धक्का पोचवतात. या काड्यांचं वजनही दर वेळी हलवावं लागतं, म्हणून असं इंजिन फार वेगानं फिरवता येत नाही.

कॅम हेडमध्येच आणला आणि साखळीनं फिरवला की काड्या जातात. असा एकच कॅमचा दांडा असेल तर एसओएचसी. आपल्याकडच्या बहुतेक रोजच्या गाड्या याच प्रकारच्या आहेत. इनलेटला एक आणि एक्झॉस्टला एक असे दोन दांडे असले की डीओएचसी. केटीएम 390 ड्यूक किंवा नवी हिमालयन 450 ही त्याची उदाहरणं.

इथे पहिली गफलत होते. कॅम वर गेला म्हणजे ओढ वाढली, असं आपण धरून चालतो. रॉयल एनफील्डचंच पाहा. 346 सीसीचं पुशरॉडवालं इंजिन 4000 फेऱ्यांना 28 न्यूटन-मीटर टॉर्क देई. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा पीळ. त्याच्या जागी आलेल्या 349 सीसीच्या इंजिनात कॅम डोक्यावर आहे, तरी टॉर्क 27, आणि तोही 4000 फेऱ्यांनाच. कॅमची जागा बदलली, पण गाडीचा स्वभाव कंपनीनं जाणूनबुजून तोच राखला.

दुसरा प्रश्न व्हॉल्व्हच्या संख्येचा. व्हॉल्व्ह थोडासाच उचलला जातो आणि हवा त्याच्या कडेनं आत शिरते, म्हणून कडेची लांबी महत्त्वाची. समजा, 30 मिलिमीटर व्यासाचा एक इनलेट व्हॉल्व्ह आहे; त्याची कड 94 मिलिमीटर भरते. त्याऐवजी 24 मिलिमीटरचे दोन बसवले, तर मिळून 151 होते. शिवाय छोटे व्हॉल्व्ह हलके, आणि एक्झॉस्टलाही दोन असे चार झाले की त्यांच्या बरोबर मध्ये प्लगला जागा मिळते. दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्लग कडेला जातो आणि ज्योतीला लांब पसरावं लागतं. पुण्याच्या बजाजनं 2003 मध्ये पल्सरला दुसरा प्लग दिला, तो याच अडचणीवर.

मग चार व्हॉल्व्हच घ्यावेत का? यामाहाच्या दोन गाड्या शेजारी ठेवू. एफझी: 149 सीसी, दोन व्हॉल्व्ह, 13.3 न्यूटन-मीटर, 5500 फेऱ्यांना. आर15: 155 सीसी, चार व्हॉल्व्ह, 14.2 न्यूटन-मीटर, पण 7500 फेऱ्यांना. ताकदीत मात्र आर15 कुठल्या कुठे पुढे: 12.4 पीएसच्या समोर 18.4, तीही 10,000 फेऱ्यांना. मोठ्या दारांचा फायदा इंजिन जोरात फिरतं तेव्हा. हळू फिरताना त्याच दारांतून हवा संथ येते. म्हणूनच आर15 मध्ये 7400 फेऱ्यांच्या आसपास इनलेटचा कॅमच बदलतो. खाली सौम्य उंचवटा, वर उंच.

सिग्नल, खड्डे, मागे बसलेलं माणूस, तिसऱ्या गिअरमध्ये तीस-चाळीसचा वेग. इथे इंजिन बहुतेक वेळ 3000 ते 5000 फेऱ्यांतच असतं. अशा वाटेला मला दोन व्हॉल्व्हचं साधं एसओएचसी हेडच बरं वाटतं. आठवड्यातून दोनदा महामार्ग असेल तर चार व्हॉल्व्ह मोकळा श्वास घेतात. माहितीपत्रकात टॉर्कचा आकडा बघून थांबू नये. तो किती फेऱ्यांना येतो हे आवर्जून वाचावं.

चाचणी घेताना मागे कुणाला तरी बसवावं. मग तिसऱ्या गिअरमध्ये वेग पंचवीसवर आणून हळूच ॲक्सिलरेटर पिळावा. गाडी हिसके न देता उचलली, तर ती आपल्या कामाची.

यापुढचा भाग विकत घेतल्यानंतरचा, आणि नुकसान इथेच जास्त होतं. कॅमकडून धक्का घेणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांत केसाएवढी फट ठेवलेली असते. तिला गॅरेजमध्ये 'टॅपेट' म्हणतात. फट वाढली की टकटक आवाज येतो. माझ्या 100 सीसीच्या गाडीला तो यायचा. एका गॅरेजमध्ये इंजिन गरम असतानाच फटीचा स्क्रू आवळून दिला. गाडी शिलाई मशीनसारखी गुळगुळीत चालू लागली, मी खूश. दोन महिन्यांत सकाळी किक मारून मारून घाम फुटायचा, चढावर दम नाही. हेड उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी खाल्लेली, बोट फिरवलं की खरखर लागे.

कारण सोपं आहे. व्हॉल्व्ह मिटून बैठकीवर टेकतो तेव्हाच त्याची उष्णता त्या बैठकीतून हेडमध्ये उतरते. फटच नसेल तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि तो व बैठक यांच्यातून जळता वायू सुटतो. वापरानं व्हॉल्व्ह बैठकीत खचतो, तेव्हाही फट आपोआप कमी होते आणि आवाज येतच नाही. आवाज करणाऱ्या टॅपेटपेक्षा मला मुक्या टॅपेटची धास्ती जास्त.

साध्या हेडमध्ये टॅपेट जुळवण्याचं काम स्क्रू आणि लॉकनटचं, अर्ध्या तासाचं. डीओएचसीमध्ये बहुधा मापाच्या चकत्या बदलाव्या लागतात आणि त्यासाठी कॅमच बाहेर काढावा लागतो. सर्व्हिसिंगचा खर्च आधीच विचारून ठेवावा.

काम करून घेताना जवळ उभं राहा. इंजिन पूर्ण गार हवं. रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो, त्यातल्या दाबाच्या फेरीला दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. माप तेव्हाच घ्यायचं. दुसऱ्या फेरीला घेतलं तर सगळं चुकतं. मॅन्युअलमधल्या जाडीचं पातं फटीत किंचित अडत सरकलं पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू हलकासा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पातं पुन्हा एकदा घालून बघायला सांगा.