शाहजोग हुंडी आणि आभासी नाणे

हुंडीच्या व्यवहारात ‘शाहजोग’ हा शब्द शोभेचा नव्हता. शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यासच अदा करावयाची, असा तिचा अर्थ. ही खातरजमा न करता पेढीने पैसे दिले, तर जोखीम पेढीची. खामगावसारख्या कापसाच्या जुन्या बाजारपेठेशी नाते असलेल्या व्यापारी घराण्यांना हा दंडक सांगावा लागत नाही. आभासी चलनाच्या व्यवहारात नेमका हाच दंडक हरवला आहे.

अमेरिकेत पेट्रोलपंपांवर आणि किराणा दुकानांत बिटकॉइनची यंत्रे दिसतात. रोख रक्कम आत टाकताच तिचे नाणे होते आणि ते दिलेल्या सांकेतिक पत्त्यावर जाते. परत मागविता येत नाही. तोतया अधिकारी दूरध्वनीवर भीती घालून वृद्धांना याच यंत्रांपाशी आणतात. तेथील संघीय व्यापार आयोगाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये या मार्गाने ११ कोटी डॉलरहून अधिक रक्कम लुबाडली गेली. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२४ पासून एका ग्राहकास दिवसाला १,००० डॉलरची मर्यादा घातली, आणि पुढील वर्षापासून शुल्कावरही बंधन आणले.

भारतात असे यंत्र ऑक्टोबर २०१८ मध्ये बंगळूरच्या एका मॉलमध्ये उभे राहिले आणि थोड्याच दिवसांत पोलिसांनी जप्त केले. यंत्र गेले, तरी फसवणुकीची वाट बंद झाली नाही. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचे आमिष होते; त्याच प्रकरणी पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य आरोपीस अटक केली. बुलढाणा, चिखली वा मलकापूरच्या घरात आज यंत्राची जागा हातातील मोबाइलने घेतली आहे.

कायदा अगदीच मौन नाही. २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. ७ मार्च २०२३ पासून तिचा व्यवसाय करणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. ग्राहकाची ओळख पटविणे त्यांना बंधनकारक झाले. परंतु सरकार कर घेते म्हणून व्यवहार सुरक्षित, हा समज घातक आहे. कर म्हणजे हमी नव्हे.

ग्राहकाच्या रक्षणासाठी उपाय पैशाचे नाणे होते त्या उंबरठ्यावरच हवेत: नव्या ग्राहकास दैनिक मर्यादा, पहिल्या मोठ्या व्यवहारास काही तासांचा विलंब, आणि निष्काळजीपणाची जबाबदारी मध्यस्थावर. हे होईतो कुटुंबानेच पेढीचा शिरस्ता पाळावा. अनोळखी खात्यात मोठी रक्कम धाडण्यापूर्वी घरातील दुसऱ्या जाणत्या व्यक्तीची संमती घ्यावी. फसवणूक उमगताच संकोच न बाळगता १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम बँकेच्या साखळीत असेपर्यंत ती गोठविता येण्याची शक्यता असते. एकदा तिचे नाणे होऊन ते परदेशी गेले, की माग काढणे दुष्कर होते. लोकलाजेपोटी दवडलेला प्रत्येक तास ठकाच्या जमेस पडतो.