बार्शीत सिद्ध झाले, घराघरात कधी?

सोलापूर जिल्ह्यातले बार्शी आपल्याला ठाऊक असते ते डाळींच्या बाजारपेठेमुळे आणि भगवंताच्या मंदिरामुळे. जगभरातले कर्करोगतज्ज्ञ मात्र या गावाला वेगळ्याच कारणासाठी ओळखतात. १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावोगावी फिरून केलेल्या या नोंदींत बायकांच्या कर्करोगांमध्ये पहिला क्रमांक होता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा, म्हणजे बोलीत ज्याला ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात त्याचा.

देशाचे चित्रही गंभीरच आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि सुमारे ८० हजार दगावल्या. हा आजार रोखता येतो, म्हणून हे आकडे अधिकच बोचतात.

या आजाराचे कारण शोधले जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी. १९८३-८४ मध्ये त्यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या गाठींतून ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजे एचपीव्हीचे, १६ आणि १८ हे प्रकार वेगळे केले. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी त्याची लागण होतेच. बहुतेकींचे शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते. काहींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडतो आणि पेशींत हळूहळू बदल घडवतो. त्यातून कर्करोग व्हायला साधारण १० ते २० वर्षे लागतात. त्यामुळे हा आजार झाला म्हणून बाईच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या चारित्र्याचा पंचनामा करण्यात काहीच अर्थ नाही. या लांबलचक काळात आजार पकडता येतो, हे मात्र महत्त्वाचे. पण तेव्हा काहीच दुखत नाही, आणि पुढे पांढरे जाऊ लागले, मधूनच रक्त दिसले, तरी बाई ते अंगावर काढते.

दुखण्याआधीच तपासले तर किती जीव वाचतात, याचे उत्तर तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्याने दिले. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले होते. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने आणखी स्वस्त वाट चोखाळली. गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचे. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटातल्या बायकांची अशी तपासणी झाली नव्हती, यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप झटकून टाकण्याजोगे नाहीत. त्या बायकांचे ऋण फेडायचे तर हे ज्ञान वापरणे एवढाच मार्ग उरतो.

एचपीव्हीविरुद्धची लस आली २००६ मध्ये. तिच्यात विषाणू नसतोच. असते ते त्याच्या बाहेरच्या प्रथिनाचे कवच. आत जनुकीय द्रव्य नसल्याने तिच्यामुळे लागण होऊ शकत नाही. भारतात मात्र सुरुवातीलाच माशी शिंकली. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत २००९ मध्ये एक प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या सात मुलींचे मृत्यू लसीमुळे झाले नसल्याचा निष्कर्ष चौकशीतून निघाला. पण कित्येक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचे उघड झाले आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष होती, ती देण्याची रीत सदोष होती. लोकांच्या मनात मात्र दोन्हींची सरमिसळ झाली.

या प्रकरणामुळे २०१० मध्ये सरकारने लसीच्या चाचण्या स्थगित केल्या होत्या, त्यात आणखी एक अभ्यास अडकला. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे तो बार्शी, पुणे, मुंबईसह देशातल्या नऊ केंद्रांवर पाहत होता. काम मध्येच थांबल्याने सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट लागणीपासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचा वाटा मोठा आहे. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस बाजारात आली.

लस प्रत्यक्षात किती कामी येते? इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटला. स्कॉटलंडमध्ये त्याच वयात लस मिळालेल्यांत २०२४ च्या अहवालापर्यंत एकीलाही तो झाल्याची नोंद नव्हती. परदेशाकडेच बघायला हवे असेही नाही. छोट्याशा सिक्कीमने २०१८ मध्ये शाळाशाळांतून ९५ टक्क्यांहून अधिक मुलींना लस दिली. त्याआधी शिक्षक आणि पालक यांच्याशी बोलणे झाले होते. खम्मममध्ये चुकले ते नेमके इथेच.

तपासणीत मात्र आपण फारच मागे आहोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी दोन टक्केही या तपासणीपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. लसीचीही वेळ महत्त्वाची. आधीची लागण ती बरी करत नाही, म्हणून ती ९ ते १४ या वयात, विषाणूशी गाठ पडण्याआधी द्यायची. तिच्यामुळे वंध्यत्व येते ही निव्वळ अफवा आहे. लस सर्व प्रकारांना रोखत नाही, म्हणून लस घेतलेल्यांनाही पुढे तपासणी चुकत नाही.

लस एका पिढीला वाचवेल, तपासणी तिच्या आईच्या पिढीला. दोन्हींचा पुरावा आपल्याच मातीत, आपल्याच बायका-मुलींच्या सहभागातून उभा राहिला आहे. तेव्हा घरातल्या नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीच्या लसीबद्दल डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा. तिशी ओलांडलेल्या आईला, बहिणीला, वहिनीला तपासणीसाठी सोबत घेऊन जा. काही दुखत नसतानाच जा.