ठिणगीविना धावणारी मॅटॅडोर

मॅटॅडोर व्हॅनच्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. कॉइल नाही, कार्ब्युरेटर नाही. एकदा सुरू झालेल्या या इंजिनात आग पेटवण्याचं काम कुठल्याच भागाकडे दिलेलं नसतं. तरीही इंजिन मिनिटाला 2400 फेरे मारत असेल, तर त्याच्या चार सिलिंडरांत मिळून एका सेकंदात 80 वेळा आग लागते आणि विझते. त्या आगीवर नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या बाजारात पोचतो, वऱ्हाड मुहूर्ताच्या आत मांडवात उतरतं, अष्टविनायक होतात. ही आग येते निव्वळ हवा दाबण्यातून. जुनी डिझेल व्हॅन घ्यायचा विचार असेल, तर आधी हा चमत्कार समजून घ्यावा. गाडी पारखणं आणि सांभाळणं या दोन्ही गोष्टी त्यातूनच कळतात.

नंतरच्या मॅटॅडोरमध्ये आणि जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीजच्या ओएम 616 घराण्यातलं 2.4 लिटरचं इंजिन असायचं. त्यात पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा साधारण एकविसाव्या हिश्शात कोंबली जाते. कोणतीही हवा इतक्या झटक्यात दाबली की तापते. इथे ती 500 अंश सेल्सियसच्या पुढे जाते. डिझेलला पेट घ्यायला त्याच्या निम्मी उष्णताही पुरते. त्यामुळे नोझलमधून डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेटतो.

ही कल्पना रुडॉल्फ डिझेल या इंजिनिअरची. म्युनिकमध्ये तो कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी होता. लिंडे म्हणजे यांत्रिक शीतकरणाचे आद्य जाणकार. डिझेलनेही पुढे काही वर्षं बर्फयंत्रांच्याच धंद्यात काढली. म्हणजे हवा दाबून आग लावण्याची युक्ती थंडावा विकणाऱ्या माणसाला सुचली! त्या काळची वाफेची इंजिनं कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवत. 1897 साली आउग्सबुर्गला डिझेलच्या इंजिनाची रीतसर चाचणी झाली, तेव्हा त्याने इंधनातली 26.2 टक्के उष्णता कामाला लावली. वाफेच्या यंत्रांना हे स्वप्नातही जमलं नसतं. पण ते इंजिन जवळपास तीन मीटर उंच होतं आणि डिझेल आत फुंकायला त्याला दाबलेल्या हवेची वेगळी व्यवस्था लागे. ते व्हॅनमध्ये कसं बसणार?

ते बसलं दोन शोधांमुळे. 1909 साली प्रॉस्पर लोरांज याने सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी कोठडी काढली. डिझेल आधी त्या कोठडीत उडतं, तिथे पेटतं आणि ज्वाळा बारीक भोकांतून मुख्य सिलिंडरमध्ये झेपावते. दुसरा शोध रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातला डिझेल पंप. 1927पासून तो मोठ्या संख्येने तयार होऊ लागला. हे इंजिन आपल्याकडे पोचायची वाट आधीच तयार होत होती. 1958 साली नवलमल फिरोदिया यांनी जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो, म्हणजे मॅटॅडोर बनवणारी कंपनी, सुरू केली आणि पुढे पुण्याजवळच्या आकुर्डीला तिचं बस्तान बसलं. जर्मनीतली मूळ कंपनी आधी हानोमागमध्ये आणि नंतर मर्सिडीजमध्ये विरून गेली. तिचं नाव रस्त्यावर जिवंत राहिलं ते आपल्याकडे. 1987 साली मर्सिडीजच्या टी 1 व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर आली. बजाज टेम्पोच आज फोर्स मोटर्स आहे.

या सगळ्या कारभारातला सर्वांत नाजूक कारागीर म्हणजे तो डिझेल पंप. तो उघडलेला कधी बघायला मिळाला तर सोडू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीचे चार दांडे आपापल्या नळीत खालीवर होत असतात. दांडा आणि नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस तिच्या वीस-तीसपट जाड भरेल. दांड्यावर एक तिरकी खाच कोरलेली असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दांडा स्वतःभोवती किंचित वळतो, खाचेची जागा बदलते आणि डिझेल कमीजास्त होतं. पूर्ण भार ओढतानाही एका वेळी एका सिलिंडरला जेमतेम एक थेंब मिळतो. हे माप संगणकाविना, विजेविना, केवळ घासून गुळगुळीत केलेल्या पोलादावर चाललेलं असतं. या फटीला वंगण कसलं, तर त्याच डिझेलचं. म्हणून डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा गेला की घाव थेट पंपावर बसतो.

आता खरेदीकडे वळू. आग जर दाबलेल्या हवेतून येत असेल, तर जुनी डिझेल व्हॅन घेताना तुम्ही खरं तर तिची हवा दाबण्याची ताकद, म्हणजेच कॉम्प्रेशन, विकत घेत असता. ही ताकद कळते गाडी थंड असताना. गरम इंजिन आपली दुखणी लपवतं, कारण सिलिंडरच तापलेला असतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना ती छोटी कोठडी तापवणारे) तापवून चटकन सुरू झाली, तर निम्मी परीक्षा पास. स्टार्टर बराच वेळ कण्हत राहिला, तर कॉम्प्रेशन गेलेलं असेल किंवा हीटर प्लग जळालेला असेल. चारही प्लग एकापाठोपाठ एक जोडलेले असतील, तर एक जळाला की चारही गप्प होतात. हा खर्च किरकोळ. कॉम्प्रेशनचा नाही.

मग इंजिन संथ चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि भोकावर उलटं ठेवा. ते जागच्या जागी थरथरलं तर ठीक. उडून पडू लागलं आणि भोकातून धुराचे भपके आले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. मेकॅनिक याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. शंका उरली तर गेज लावून घ्या. धडधाकट इंजिन 22 ते 24 बार दाखवतं. 15च्या खाली आकडा आला की बोअर-पिस्टनचं काम निघालंच म्हणून समजा. चार सिलिंडरांत 3 बारपेक्षा जास्त तफावतही नको.

धूरही बरंच सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर आणि नोझल बघा. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न पेटताच बाहेर पडतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर सुटत असेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

पत्र्याला मात्र इंजिनाइतकी दया येत नाही. इंजिन पुन्हा बांधता येतं. सडलेली चासी घेऊन बसलेली गाडी कोकणातली असो की घाटावरची, ती सोडून द्या. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडांवरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा संपून लांबी भरलेली आहे.

कागद तितकेच महत्त्वाचे. चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा, कर्जाचा बोजा उतरलाय का ते विचारा. खासगी नोंदणी 15 वर्षांनी संपते. तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. वाहतुकीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग लागतं. शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहेच.

गाडी घरी आली की आधी सगळी तेलं आणि फिल्टर बदला. नवं ऑइल दुसऱ्याच दिवशी काळं दिसेल. ती काजळी आहे, घाबरू नका. वॉटर सेपरेटरमधलं पाणी नियमाने सोडा. टाकी कोरडी पडू देऊ नका. पडलीच तर लाइनीत हवा शिरते, आणि दाबली जाणारी हवा नोझलपर्यंत डिझेलचा दाब पोचूच देत नाही. मग नट सैल करून हातपंपाने एअर काढत बसावं लागतं. टॅपेटचं अंतर थंड इंजिनावर सेट करून घ्या: आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला 0.10 मिलिमीटर, धूर सोडणाऱ्याला 0.30. हे अंतर मिटलं तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि दाबलेली हवा निसटते. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी न ओतता कूलंट घाला. घाटात तापलेलं इंजिन हेडचा बळी घेतं.

एवढं केलं तर हे इंजिन किती चालेल? ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची याच घराण्याच्या इंजिनाची मर्सिडीज 46 लाख किलोमीटर धावली आणि आता जर्मनीत कंपनीच्या संग्रहालयात आहे. अर्थात त्याने इंजिनं आळीपाळीने काढून, बांधून पुन्हा बसवली. चमत्कार यंत्राचा जेवढा, तेवढाच निगा राखणाऱ्याचा.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवण्यासारखी नाही. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली जाहीर केलं. या जुन्या इंजिनाला तो गाळणारी कोणतीही यंत्रणा नाही. त्यामुळे रोज शाळेच्या फाटकासमोर उभी करायची ही गाडी नव्हे. वर्षातून काही लांबचे प्रवास, शेतावरची ने-आण किंवा फिरतं घर करायची हौस असेल, तर ती जरूर घ्या. फक्त क्रम चुकवू नका: जुने पंप कॅलिब्रेट करणारा चांगला माणूस आधी शोधा आणि गाडी नंतर.