कागदात सापडलेला खजिना

गावाबाहेरच्या पडक्या गढीत मोहरांचा हंडा पुरलेला आहे, ही गोष्ट ज्या गावात सांगत नाहीत, असे गाव महाराष्ट्रात मुद्दाम शोधावे लागेल. 'सर, असा खजिना खरोखर शोधायचा तर कसा?' असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारलेच, तर कुदळीऐवजी ग्रंथालयाकडे बोट दाखवायला हरकत नाही. मात्र कोणते पुस्तक उघडायचे, हा खरा प्रश्न आहे. 'आतोचा' या स्पॅनिश जहाजाच्या शोधात नेमके हेच दिसून आले.

4 सप्टेंबर 1622 रोजी अमेरिका खंडातील चांदी-सोने घेऊन 28 जहाजांचा एक ताफा क्यूबातील हवाना बंदरातून स्पेनला निघाला. दिवस चक्रीवादळांचे होते आणि निघायला आधीच उशीर झाला होता. फ्लोरिडाच्या दक्षिणेला लहान लहान बेटांची लांबलचक माळ आहे. तिच्याजवळ वादळाने ताफ्याला गाठले. 6 सप्टेंबरला 'आतोचा' आणि 'सांता मार्गारीटा' ही जहाजे बुडाली. 'आतोचा'वरील 265 माणसांपैकी अवघी 5 वाचली. जहाज जेमतेम 17 मीटर खोल पाण्यात होते आणि त्याची एक डोलकाठी पाण्याबाहेर दिसत होती. पण झडपा घट्ट बंद होत्या आणि श्वास रोखून बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांना आतल्या कोठारापर्यंत पोचता येईना. ऑक्टोबरमध्ये दुसरे वादळ आले, जहाज फुटले आणि डोलकाठीची खूणही गेली.

विसाव्या शतकात खजिनाशोधकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत हे जहाज 'माटेकुम्बे बेटांजवळ' बुडाल्याचे छापलेले असे. ही माहिती मनाने रचलेली नव्हती. 1622 च्या कागदांत 'माटेकुम्बेची बेटे' असाच उल्लेख आहे. नकाशावर माटेकुम्बे नावाची दोन बेटे आजही आहेत, म्हणून मेल फिशर आणि इतर अनेकांनी तेथील समुद्रतळ पिंजून काढला. हाती काही लागले नाही.

हा गुंता पाण्यात सुटला नाही. तो स्पेनमधील सेव्हिल शहराच्या एका दप्तरखान्यात सुटला. स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींचे कागद तेथे 1785 सालापासून एकत्र ठेवलेले आहेत. यूजीन लायन हे इतिहासाचे संशोधक फ्लोरिडाच्या आरंभीच्या वसाहतीचा अभ्यास करीत होते आणि त्यासाठी ते तेथे बसत. कागदांना कसर लागलेली, आणि त्या काळच्या कारकुनांचे अक्षर असे की शब्द एकमेकांना जोडून ओळ पुढे पळत राहते. मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको! 1970 मध्ये लायन यांना फ्रान्सिस्को नुन्येझ मेलियान याचे हिशेब सापडले. या गृहस्थाने 1626 पासून पाणबुड्यांसाठी तांब्याची घंटा वापरून 'सांता मार्गारीटा'वरची बरीच चांदी वर काढली होती. जागा लिहिली होती 'मार्केसची बेटे'. मार्केस ही सरदाराची पदवी. ताफ्याचा सेनापती मार्केस होता आणि बुडालेल्या मालाच्या शोधाच्या वेळी त्याने या बेटावर तळ दिला होता. त्यावरून हे नाव पडले. 1622 साली 'माटेकुम्बे' हे नाव साऱ्या माळेलाच सैलपणे वापरत, हे आता उघड झाले. लायन यांनी जुने नकाशे ताडून पाहिले. ही 'मार्केसची बेटे' म्हणजे आजची मार्केसास बेटे, माटेकुम्बेपासून सुमारे दीडशे किलोमीटर पश्चिमेला.

एवढ्यावर भागले नाही. सेव्हिलहून आलेल्या एका नकलेत जहाज शेवटच्या बेटाच्या पूर्वेला असल्याचे लिहिले होते. लायन यांनी मूळ कागदाचे छायाचित्र मागवून पाहिले, तर शब्द 'एस्ते' नव्हता, 'वेस्ते' होता, म्हणजे पश्चिमेला! एक अक्षर गळाले होते आणि शोध काही काळ उलट्या बाजूला रेंगाळला होता. माझ्या प्रयोगशाळेत एका क्षाराच्या विद्राव्यतेचा आकडा आम्ही दोन महिने वापरला आणि प्रयोग काही जुळेना. तो आकडा एका हस्तपुस्तकातून दुसऱ्यात उतरताना दशांशचिन्ह सरकले होते. मूळ निबंध कपाटात, हाताच्या अंतरावर होता.

पश्चिमेला 1973 मध्ये चांदीच्या तीन लगडी मिळाल्या. एकीवर 4584 हा आकडा कोरलेला होता. 'आतोचा'वरील मालाची यादी सेव्हिलला होतीच. लायन यांनी तिच्यात शोधले, तर 4584 क्रमांकाची लगड नोंदलेली आणि वजनही जुळणारे! 'ही चांदी याच जहाजाची' हे विधान चूक ठरण्याची पुरेपूर शक्यता होती, तरी ते टिकले. म्हणून या जुळणीला मी पुरावा म्हणतो. 1975 च्या जुलैमध्ये काशाच्या तोफा मिळाल्या, आणि आठवड्याभरातच शोधनौका उलटून फिशर यांचा मुलगा, सून आणि आणखी एक पाणबुड्या बुडाले. शोध तरीही चालू राहिला. 20 जुलै 1985 रोजी, त्या अपघाताला बरोबर दहा वर्षे होत असताना, लगडींचा मुख्य ढीग सापडला.

या शोधाला दुसरी बाजूही आहे. वाळू हटवण्यासाठी नौकेच्या पंख्याचा झोत नळातून तळाकडे सोडत. वाळूबरोबर कोणती वस्तू कोठे, कशाशेजारी पडली होती ही माहितीही उडून जाते, असा पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप होता, आणि मला तो पटतो. लगड पुन्हा तोलता येते. तिची मूळ जागा एकदा मोडली की गेली. युनेस्कोच्या 2001 च्या करारात पाण्याखालील अशा वारशाच्या व्यापारी वापराला मनाई आहे.

आणि यादीचे काय? तिच्यात राजाचा कर भरलेला मालच असणार. जहाजाच्या अवशेषांत पाचूही मिळाले, पण त्यांची नोंद यादीत नाही. ते चोरून नेले जात होते. जहाजाचा मागचा उंच भाग, जेथे बडे प्रवासी आणि अधिकारी राहत, तो अजून मिळालेला नाही. तेथे काय असेल, हे सेव्हिलचे कागद सांगणार नाहीत.