शेतं तिकडे, गिरण्या इकडे

1947 साली बंगालच्या नकाशावर रेघ ओढली गेली तेव्हा तागाची तीन चतुर्थांशाच्या आसपास जमीन पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानात गेली. गिरण्या मात्र झाडून सगळ्या हुगळीच्या काठी, भारतात राहिल्या. रिशडा इथे 1855 मध्ये पहिली गिरणी निघाल्यापासून उभी राहत आलेली ही शंभरावर धुराडी, आणि त्यांचा कच्चा माल परदेशात! सप्टेंबर 1949 मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही. शंभर पाकिस्तानी रुपयांना 144 भारतीय रुपये मोजायला भारत राजी होईना आणि तागाचा व्यापार ठप्प झाला.

दोन्ही देशांनी मग आपापलं अर्धं भरून काढायचं ठरवलं. पाकिस्तानने नारायणगंजला आदमजी गिरणी उभारली. 1951 मध्ये सुरू झालेली ही गिरणी पुढे जगातली सर्वांत मोठी ताग गिरणी म्हणून ओळखली गेली. भारताने पश्चिम बंगाल, आसाम आणि बिहारमध्ये भाताची जमीन तागाखाली आणली. पूर्वेकडून आलेल्या निर्वासित शेतकऱ्यांचं कसबही कामी आलं.

भारताचं 1950-51 चं उत्पादन होतं सुमारे 33 लाख गाठी. एक गाठ 180 किलोची, आणि या आकड्यात अंबाडीच्या कुळातला मेस्ताही धरलेला असतो. आज हा आकडा 100 लाखांच्या आसपास आहे. गंमत अशी, की तागाखालचं क्षेत्र तेव्हापेक्षा फार वाढलेलं नाही. वाढलं ते हेक्टरी उत्पादन: साधारण एक टनावरून अडीच टनांपुढे.

हे कसं घडलं, त्याचं उत्तर तागाच्या फुलण्यात आहे. (हिरवळीच्या खतासाठी आपण पेरतो तो ताग निराळा, हा गोणपाटाचा.) ताग लहान दिवसांचं झाड आहे. दिवस छोटा असताना पेरलं तर ते अकाली फुलतं, फांद्या फोडतं, आणि मग लांबसडक धागा विसरायचा. म्हणून टोसा जातीच्या जुन्या वाणांची पेरणी एप्रिलच्या मध्याआधी करता येत नसे. पीक शेतात रेंगाळे आणि पाठोपाठच्या भाताला उशीर होई. बराकपूरच्या केंद्रीय ताग संशोधन संस्थेने सुदानमधून आलेल्या वाणाशी संकर करून ‘जेआरओ 524’ तयार केला. 1977 मध्ये प्रसारित झालेला हा वाण मार्चमध्ये पेरला तरी अवेळी फुलत नाही, म्हणून धागाही लांब मिळतो. एकाच शेतात ताग आणि भात दोन्ही वेळेवर बसू लागले.

हाच वाण सीमा ओलांडून बांगलादेशात गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांनीही तो उचलला. तिथलं टोसा तागाचं बहुतांश बियाणं आजही भारतातून जातं. त्याचं कारण साधं आहे. धाग्यासाठी ताग चार महिन्यांत, बी धरण्याआधीच कापतात. बियाण्यासाठी तो आणखी काही महिने उभा ठेवायचा, तर भाताची जागा अडते. शिवाय शेंगा पिकायला पावसाळ्यानंतरची कोरडी हवा लागते. म्हणून ताग न पिकवणाऱ्या महाराष्ट्र, आंध्र प्रदेशसारख्या राज्यांत तागाचं बियाणं तयार होतं. ढाक्याच्या ‘सोनेरी धाग्या’चं मूळ असं दख्खनच्या मातीत सापडतं!

बांगलादेशाने विज्ञानात हात आखडता घेतलेला नाही. शास्त्रज्ञ मकसुदुल आलम यांच्या नेतृत्वाखाली 2010 मध्ये बांगलादेशाच्या प्रकल्पात टोसा तागाचा जनुकसंच उलगडला गेला. निसर्गाचीही साथ आहे. कापलेल्या काड्या दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवाव्या लागतात. जिवाणू पेक्टिन खातात आणि धागा सुटतो. पाणी स्वच्छ आणि संथ वाहतं असेल तर धागा उजळ निघतो. फरीदपूरकडच्या तागाला म्हणूनच मान आहे. भारतात डबक्यातल्या गढूळ पाण्यात एकावर एक थर कुजवले की धागा काळवंडतो. बराकपूरच्या संस्थेने त्यावर जिवाणूंची भुकटी काढली आहे.

तेव्हा नुसते टनांचे आकडे शेजारी मांडून कोण पुढे ते ठरवणं मला फारसं उपयोगाचं वाटत नाही. उत्पादनात भारत पहिला, निर्यातीत बांगलादेश. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत बांगलादेशाची सुमारे नव्वद टक्के निर्यात तागाची होती. प्लॅस्टिकच्या पोत्यांनी तिची कंबर मोडली. 2002 मध्ये आदमजी बंद पडली, 2020 मध्ये उरलेल्या 25 सरकारी गिरण्या. खासगी गिरण्या सूत विकून तग धरून आहेत. भारतात 1987 चा कायदा आहे: धान्य आणि काही प्रमाणात साखर तागाच्याच पोत्यात भरायची. इथल्या ताग धंद्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकार. कायदा काढला तर आपला आलेख कुठे असेल, हे आकडे सांगत नाहीत.

बांगलादेशी मालावर भारताने जानेवारी 2017 पासून अँटी-डम्पिंग शुल्क लावलं. जून 2025 मध्ये तागाच्या अनेक वस्तूंना भू-सीमेवरून येण्यास बंदी झाली. सीमेवरच्या पेट्रापोलच्या नाक्यापासून कोलकाता जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण त्या अधिसूचनेनुसार हा माल भारतात उतरवायला एकच बंदर मोकळं ठेवलं गेलं, रायगड जिल्ह्यातलं न्हावा शेवा.