काच कुणी फोडली?



ज्या व्यासपीठावरून विद्वान प्राध्यापक बोलतात, तेथे नववीतच शाळा सुटलेल्या माझ्यासारख्या माणसाने काचेच्या शास्त्रावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझे काम कामगार संघटनेचे. काचेच्या वाटेला मी गेलो तो हौसेने नव्हे. एका बाईच्या कापलेल्या पगाराने मला तिकडे नेले.

काही वर्षांपूर्वी घरकाम करणाऱ्या एक मावशी आमच्या कचेरीत आल्या. सातव्या मजल्यावरच्या एका घरी दिवाणखान्याच्या खिडकीची मोठी काच त्यांनी सकाळी पुसली होती. तासाभराने त्या स्वयंपाकघरात भांडी घाशीत असता बार उडावा तसा आवाज झाला. धावत जाऊन पाहतात तो खिडकी मोकळी, आणि जमिनीवर हरभऱ्याएवढ्या तुकड्यांचा ढीग! मालकीणबाईंनी काचेची किंमत दोन महिन्यांच्या पगारातून कापून घेतली. "दादा, मी हात लावला नव्हता हो. आपली आपण फुटली," मावशी पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

खरे सांगावयाचे तर मलाही ते पटले नाही. मी मालकीणबाईंकडे गेलो तो 'गरीब बाई आहे, सोडून द्या' अशी रदबदली करण्यासाठी. न्याय मागण्यासाठी नव्हे. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, काच कधी आपोआप फुटते का?" या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी ग्रंथालयात बसलो, काच बसविणाऱ्या कारागिरांना गाठले. त्यातून जे हाती आले तेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम काच म्हणजे काय ते पाहू. वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र करून सुमारे १५०० अंश उष्णतेवर वितळवली, की खिडकीच्या काचेचा रस होतो. तो निवताना मिठासारखे किंवा खडीसाखरेसारखे स्फटिक धरीत नाही. अव्यवस्थित स्थितीतच घट्ट होतो. लोखंडाची कांब वाकवली तर ती आधी वाकते, मग मोडते. ते वाकणे म्हणजे लोखंडाने दिलेली नोटीसच होय. काचेला अशी नोटीस देता येत नाही. ती मर्यादेपर्यंत सारे सोसते आणि मर्यादा ओलांडताच तडकते. तडा एकदा सुटला की सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने धावतो. बंदुकीच्या गोळीलाही एवढा वेग सहसा नसतो. म्हणून आपल्याला वाटते, की सारे एका क्षणात घडले. वस्तुतः त्या क्षणाची तयारी कितीतरी आधीपासून चाललेली असते.

ही तयारी कोठे चालते? बहुधा काचेच्या अंगावरील ओरखड्यात. १९२१ साली ग्रिफिथ नावाच्या इंग्रज संशोधकाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. काचेची ताकद हिशेबाने जितकी यावयास हवी त्याच्या कितीतरी कमी प्रत्यक्षात का भरते, हा त्याचा प्रश्न होता. त्याने काचेचे बारीक तंतू ओढून पाहिले. तंतू जितका बारीक, तितका तो आपल्या जाडीच्या मानाने अधिक बळकट निघाला. त्याचा निष्कर्ष असा, की काच दुबळी नसते. तिच्यातील डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा तिला दुबळी करतात. सगळा ताण चिरेच्या टोकाशी येऊन एकवटतो. कापडाच्या काठाला आधी कातरीने खाच दिली, की ते सहज टरकन फाटते, तसेच हे आहे.

काच कापणारा कारागीर याच गुणाचा फायदा घेतो. तो हिऱ्याने नुसती एक रेघ ओढतो, मग हलकेच दाब देतो आणि काच त्या रेघेवर दुभंगते. तात्पर्य, कापलेल्या काचेची कड हा तिचा सर्वांत नाजूक भाग. त्यात भर म्हणून हवेतील दमट वाफ चिरेच्या टोकाशी काचेवर रासायनिक क्रिया करते आणि ताणाखालील चीर हळूहळू पुढे सरकते. आज बसविताना पडलेली बारीकशी खोच कित्येक महिन्यांनंतर काच फोडू शकते ती अशी. तोवर ती खोच करणारा हात कोठच्या कोठे गेलेला असतो.

आता उष्णतेचे पाहू. माझ्या लहानपणी आमच्या गावी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर असे. कंदिलाची काच राखेने पुसून लख्ख करावयाची आणि पेटलेल्या कंदिलावर पाण्याचा थेंब उडू द्यावयाचा नाही, ही आईची सक्त ताकीद. थेंब पडला की काच तडकलीच! तापलेल्या काचेचा तेवढाच भाग निवून आकसू पाहतो, शेजारचा त्याला आकसू देत नाही, आणि या ओढाताणीत काच जाते.

खिडकीतही हेच घडते. उन्हाने काचेचा मधला भाग तापतो. चौकटीत दडलेली कड मात्र थंड राहते. एक मीटर लांबीची काच ४० अंशांनी तापली तर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. वाढ नगण्य दिसते खरी, पण ती कडेला ताणून धरते, आणि कडेला जर खोच असेल तर तिला एवढे पुरते. मधल्या भागात आणि कडेत सुमारे ४० अंशांचा फरक पडला की साध्या काचेला धोका समजतात. आतून काळा कागद चिकटविणे, जाड पडदा काचेला भिडवून ठेवणे, अर्ध्या काचेवर ऊन आणि अर्ध्यावर सावली पडणे, या सर्वांनी हा फरक वाढतो. चौकटीत काचेला वाढावयास जागाच न ठेवणे किंवा एखाद्या खिळ्याचे टोक कडेला टेकलेले असणे, हीही कारणे आहेतच. अशा उष्णतेने गेलेल्या काचेची खूण म्हणजे तडा कडेपासून निघतो, आरंभी कडेशी काटकोन करतो आणि मग वळत जातो.

पण मावशींची काच अशी गेली नव्हती. तिचा चुरा झाला होता. कारण ती साधी काच नव्हतीच. ती बाजारात ज्याला टफन्ड काच म्हणतात ती होती. हिचे रहस्य कळण्यासाठी आपण क्षणभर सतराव्या शतकात जाऊ. त्या काळी राजपुत्र रूपर्ट याने इंग्लंडात एक चमत्कारिक खेळणे नेले. काचेच्या रसाचा थेंब थंड पाण्यात टाकला की गोल डोक्याचा, लांब शेपटीचा एक मणी तयार होतो. डोक्यावर हातोडा मारा, मणी फुटत नाही. शेपटीचे टोक नुसते मोडा, साऱ्या मण्याचे पीठ होते! रॉबर्ट हूकने १६६५ सालच्या आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात या मण्यांची चर्चा केली आहे. मण्याची बाहेरची साल आधी गोठते. आतला रस मागाहून निवताना आकसतो आणि सालीला आत खेचतो. म्हणून साल दाबाखाली राहते आणि गाभा ताणाखाली.

टफन्ड काच याच युक्तीने करतात. कापलेली काच सुमारे सव्वासहाशे अंशांपर्यंत तापवावयाची आणि दोन्ही अंगांनी थंड हवेचे झोत सोडून झटपट निववावयाची. पृष्ठभागावर दाब असल्यामुळे तेथील चिरा मिटलेल्या राहतात, आणि काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट होते. पण ही बळकटी उसनी आहे. तिचे कर्ज गाभ्यातील ताणाच्या रूपाने काचेच्या पोटातच असते. एखादा तडा त्या गाभ्यापर्यंत पोचला, की सारे कर्ज एकदम वसूल होते आणि काचेचे हजारो बारीक तुकडे होतात. साध्या काचेच्या सुरीसारख्या फाकांपेक्षा हे तुकडे कमी घातक, म्हणून ही काच सुरक्षित मानतात.

मग बाहेरून काहीही न लागता तडा गाभ्यात निघतो कसा? याचे एक उत्तर मेलबर्न शहराने दिले. तेथे १९५८ साली आय.सी.आय. हाउस नावाची काचेने मढविलेली उंच इमारत उभी राहिली, आणि तिच्या काचा कुणी हात न लावता फुटू लागल्या. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधनसंस्थेतील बॅलन्टाइन यांनी तुकडे तपासून १९६१ साली कारण सांगितले: निकेल सल्फाइडचा खडा.

हा खडा मिलिमीटरच्या दशांशापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा, कित्येकदा त्याहूनही लहान. भट्टीतील यंत्रांच्या किंवा तारांच्या मिश्रधातूतून निकेलचा एखादा कण रसात पडतो, कच्च्या मालातील अथवा इंधनातील गंधक त्याला भेटतो, आणि खडा जन्मतो. या पदार्थाची दोन रूपे आहेत. सुमारे ३८० अंशांच्या वर तो आटोपशीर असतो. त्याखाली तो दुसरे रूप घेतो आणि शेकडा २ ते ४ इतका फुगतो. काच सावकाश निवली तर हे रूपांतर वेळीच उरकते. पण टफन्ड काच झटक्यात निववलेली! खडा जुन्याच रूपात कोंडला जातो. पुढे खिडकीत बसल्यावर, उन्हातान्हात, तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे सावकाश फुगत राहतो. तो ताणाच्या गाभ्यात असला, तर एके दिवशी त्याच्याभोवती तडा सुटतो. त्या वेळी घरात कुणी झोपलेले असेल, कुणी भांडी घाशीत असेल. काचेला त्याचे काय?

याचाही पुरावा मागे राहू शकतो. जेथून फुटण्यास आरंभ झाला तेथे इतरांहून मोठे दोन तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे शेजारी सापडतात, आणि त्यांच्या सामाईक रेषेवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. म्हणून अशी काच फुटली तर मुलांना दूर करा, पायांत चपला घाला. पण चौकटीत अडकलेले तुकडे झाडण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्या. प्रत्येक फुटलेल्या काचेत खडाच असतो असे मात्र नव्हे. दुखावलेली कड आणि चुकीची बसवणूक यांचाही शोध घेतलाच पाहिजे.

यावर इलाज आहेत. चांगले कारखानदार टफन्ड काच बसविण्यापूर्वी भट्टीत २६० ते २९० अंशांवर काही तास ठेवतात. ज्या काचेत खडा असेल ती बहुधा तेथेच फुटते. कुणाच्या डोक्यावर पडत नाही. याने धोका पुष्कळ घटतो, अगदी नाहीसा होत नाही. म्हणून उंचावरील आणि डोक्यावरील जागी लॅमिनेटेड काच घ्यावी. दोन काचांमध्ये चिवट पडदा असल्यामुळे फुटली तरी ती जागीच चिकटून राहते. टफन्ड काच एकदा तयार झाली की तिला कापू वा भोक पाडू नये, आणि बसविताना तिची कड धातूला टेकू देऊ नये. काच विकत घेताना ती भट्टीत तपासलेली आहे काय, एवढे तरी दुकानदाराला विचारा.

आता मावशींचे. आठ महिन्यांनी त्याच इमारतीत दुसऱ्या एका बंद घराची तशीच काच मध्यरात्री फुटली. घराला कुलूप, माणसे गावी गेलेली. आता या काचेबद्दल कुणाचा पगार कापावयाचा? या वेळी मी मालकीणबाईंकडे गेलो तो रदबदलीला नव्हे. हे सारे समजावून सांगण्यास. बाई सज्जन होत्या. त्यांनी ऐकून घेतले आणि कापलेले पैसे मोजून परत दिले. पण मावशींचे त्या घरचे काम गेले ते गेलेच.

१९३६ च्या वेतनविषयक कायद्यात एक तत्त्व होते. नुकसान कामगाराच्याच चुकीने झालेले असावे आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळालेली असावी. त्यावाचून भरपाईची कपात करता येत नसे. घरकाम करणाऱ्या बाईला तो कायदा लागू नव्हता. पण तत्त्वाला उंबरठ्याची अडचण कशाची? मालकीणबाईंनी चौकशी केली नाही, हा दोष मी त्यांना देतो. पण त्याआधी तो स्वतःला देतो. मी तर त्या बाईचा वकील म्हणविणारा, आणि तिचे खरे बोलणे मीच प्रथम खोटे मानले होते. ज्याचा हात शेवटी लागला त्याच्यावर आळ घेणे सोपे असते. काच मात्र सांगते, की शेवटच्या हाताआधी भट्टी असते, कापणारा असतो, बसविणारा असतो आणि एक न दिसणारा खडाही असतो. पुढच्या वेळी घरात काही फुटले, तर 'कुणी फोडली?' असे विचारण्यापूर्वी 'का फुटली?' असे विचारा, एवढीच माझी विनंती आहे.